सलाईन, लघवी आणि पोटॅशियम: वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

दर पावसाळ्यात आमच्या घोडबंदर रोडवरच्या हॉस्पिटलात नवी बॅच रुजू होते. कुणी जीएनएम, कुणी बीएस्सी. कुणी जव्हारहून आलेलं, कुणी लातूरहून, कुणी इथलंच कळव्याचं. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, पीएच ७.३५ ते ७.४५ हे सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसेल तर आजच करा, त्यावर मी वेळ घालवत नाही. अडतं ते पुढे. रिपोर्ट हातात यायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांत पेशंटच्या अंगात काय चाललंय हे वॉर्डात फक्त तुम्हाला दिसत असतं. डॉक्टर राउंडला येऊन जातात, लॅबवाल्याला नळी दिसते, पेशंट दिसत नाही. हा लेख त्या दोन तासांसाठी आहे.

आधी पेला मोजा

इनटेक-आउटपुट चार्ट हे नव्या मुलांना सगळ्यात कंटाळवाणं काम वाटतं. मलाही वाटायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीत एका काकांचा चार्ट मी अगदी चोख भरला होता. दर तासाची लघवी: २५, २०, २०, १५, १५, १०. अक्षर सुंदर, एकही रकाना रिकामा नाही. पहाटे इन-चार्ज सिस्टरांनी चार्ट पाहिला आणि विचारलं, "हे आकडे कुणासाठी लिहिलेस गं?" काकांचं वजन ६० किलो. तासाला किलोमागे अर्धा मिली धरला तर ३० मिली तरी हवी होती. सहा तासांत १८० हवी तिथे १०५ झाली होती आणि मी एकदाही बेरीज केली नव्हती. काका वाचले, पण पुढचे दोन दिवस त्यांची किडनी कुरकुरत राहिली. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी कॅल्क्युलेटर नाही, मेजरिंग जार हातात देते.

कारण मोजमाप पेल्यापासून सुरू होतं. घरून आणलेला स्टीलचा पेला, हॉस्पिटलचा कागदी चहाचा कप, डाळीची वाटी, पेजेचा डबा या सगळ्यांत पाणी ओतून जारमध्ये मोजा आणि आकडे पेशंटच्या उशाशी चिकटवा. "दोन ग्लास पाणी प्यायले" या वाक्याला काही अर्थ नाही. कुणाचा ग्लास १५० चा असतो, कुणाचा ३०० चा. पेज, सूप, ताक, चहा, बर्फाचे खडे हे सगळं इनटेकमध्ये धरायचं.

आता लपलेलं पाणी बघा. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला दिवसभरात एक लिटरचीच परवानगी आहे समजा. अँटिबायोटिक १०० मिलीमधून दिवसातून तीनदा: ३००. पॅरासिटामॉलची १०० मिलीची बाटली तीनदा: आणखी ३००. इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली नळी) फ्लश करायला १० मिली सहा वेळा: ६०. पेशंटने चहाचा घोट घेण्याआधीच ६६० मिली आत गेलं! हे चार्टवर चढवलं नाही तर रात्री दोनला पेशंट उठून बसतो, खोकतो, आणि सगळे म्हणतात, "अहो, पण आम्ही तर पाणी कमीच दिलं होतं."

बाहेर जाणाऱ्याचंही तसंच. युरोबॅगवरच्या (लघवीच्या पिशवीवरच्या) रेषांवर विसंबू नका. जारमध्ये काढा, सपाट जागेवर ठेवा, डोळा पातळीत आणून वाचा. डायपर असेल तर कोरा डायपर आधी वजन करून ठेवा. ओल्याचं वजन वजा कोऱ्याचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. उलटी, आरटीतून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) आलेलं, ड्रेन, पातळ जुलाब सगळं लिहा. मावशींनी बेडपॅन रिकामं करायच्या आधी तुम्हाला दाखवायला हवं, आणि हे त्यांना रागावून नाही, एकदा नीट समजावून सांगितलं की त्या कधी विसरत नाहीत. घाम मोजता येत नाही. मे महिन्यात एसी नसलेल्या जनरल वॉर्डात ताप आलेला माणूस बराच घाम गाळतो, तेव्हा चार्टवर नुसतं "भरपूर घाम, दोनदा कपडे बदलले" एवढं लिहिलं तरी डॉक्टरला उपयोग होतो.

चार्टवर विश्वास बसत नसेल तर वजन करा. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तसल्याच कपड्यांत. एका रात्रीत एक किलो वाढलं तर ती चरबी नाही, एक लिटर पाणी आहे.

मग पेशंटला हात लावा

पाणी कमी पडलेल्याची जीभ कोरडी, नाडी जलद, हातपाय गार, लघवी गडद. त्याला बसवून बीपी घ्या. झोपल्यावर ११० आणि बसल्यावर ८५ असेल तर तुम्हाला रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. त्वचेची चिमटी म्हाताऱ्या माणसांत फसवते. आजींच्या हाताची चिमटी एरवीही तशीच उभी राहते, म्हणून कपाळावर किंवा छातीच्या हाडावर बघा.

पाणी जास्त झालेल्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या, पायावर बोट दाबलं की खळगा, आडवं झालं की धाप. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची सूज पायात शोधू नका, कमरेखाली शोधा. पाणी उताराकडे जातं. असा पेशंट दिसला तर फोन करायच्या आधी तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत: ड्रिप अगदी हळू करा, डोक्याकडची बाजू उचला, ऑक्सिजन बघा आणि लावा. मग फोन.

ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात डेंग्यूचा पेशंट येणारच. यात एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, नातेवाईक खूश होतात, आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. प्लेटलेट उतरतात आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, चढतं. सगळे प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. तुम्ही हिमॅटोक्रिट, नाडी आणि तासाची लघवी बघा. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, पेशंट सुस्तावलाय, हे लगेच कळवा. आणि एक-दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं, तेव्हा जुन्याच वेगाने ड्रिप चालू राहिली तर छातीत पाणी भरतं. म्हणून दर ओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, विचारा: हा वेग अजून हवाय का?

बाटलीत काय आहे ते वाचा

नातेवाईकांसाठी सगळं "सलाईन" असतं. तुमच्यासाठी नाही. एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन) लिटरला १५४ सोडियम आणि तितकंच क्लोराइड, रक्तापेक्षा थोडं जास्तच. आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) सोडियम १३० च्या आसपास, शिवाय पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट. हे लॅक्टेट यकृतात बायकार्बोनेट होतं, म्हणून जुलाबाच्या पेशंटला आरएल मानवतं. पण त्यातल्या कॅल्शियममुळे रक्ताच्या पिशवीसोबत एकाच लाइनमधून आरएल कधी द्यायचं नाही, गुठळी होते. रक्ताबरोबर फक्त एनएस. सेफ्ट्रायॅक्सोनही आरएलच्या लाइनमध्ये नको, खडा पडतो. डी-५ (पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी) बाटलीत रक्ताइतकंच दाट असतं, आत गेल्यावर साखर जळते आणि उरतं नुसतं पाणी. डोक्याला मार लागलेल्याला हे पाणी मेंदूची सूज वाढवतं.

थेंब मोजायचं गणित एकच: मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. आपल्याकडचे साधे सेट बहुधा एक मिलीला २० थेंबांचे, मायक्रो ६० चे. तरी पाकिटावर वाचा. ५०० मिलीचा पाईंट आठ तासांत द्यायचा तर ५०० गुणिले २० भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजा, आणि पेशंटने हात वळवल्यावर पुन्हा मोजा. माझी सगळ्यात मोठी चीड इथे आहे: ड्युटी संपायच्या आत पाईंट संपवण्यासाठी शेवटच्या अर्ध्या तासात रोलर (ड्रिपचा वेग ठरवणारं चाक) उघडा सोडणं. ओव्हर देताना "बाटली चालू आहे, २०० बाकी" म्हणण्यात काहीही कमीपणा नाही.

तोंडाने पिता येत असेल तर ओआरएस. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली, तेच हे. डिस्चार्जच्या वेळी नातेवाईकांना सांगताना पाकीट हातात घेऊन सांगा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं आणि लोक ते अख्खं एका पेल्यात ढवळतात. मग जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. "एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, त्यात पूर्ण पाकीट, चोवीस तासांनी उरलेलं फेका" हे वाक्य त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

पोटॅशियम: इथे थांबून वाचा

काही वर्षांपूर्वीचा जुलै. रेल्वेरुळांवर पाणी भरलं, लोकल बंद. एका काकूंचं त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं. अशक्तपणा वाटतोय म्हणून सुनेने दोन दिवस प्रेमाने शहाळ्याचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी काकू आल्या त्या स्वतःच्या पायाने, पण म्हणाल्या, "सिस्टर, पाय लाकडासारखे जड झालेत." मॉनिटर लावला. ईसीजीतल्या टी वेव्ह (लाटा) उंच आणि टोकदार, तंबूच्या खांबासारख्या. रिपोर्ट तासाभराने आला, पोटॅशियम ७.१. तोवर उपचार सुरू झालेले होते, कारण ड्युटीवरच्या मुलीने ईसीजीची पट्टी काढून थेट डॉक्टरसमोर धरली होती.

शहाळं आपल्याकडे आजारी माणसाचं पहिलं अन्न. फाटकाबाहेरच शहाळेवाला उभा असतो. एका शहाळ्यात मोठ्या केळ्याएवढं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं, हे किडनीच्या पेशंटच्या घरच्यांना कुणीतरी सांगावंच लागतं. आणि "बीपीसाठी चांगलं" म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठही विचारा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

पोटॅशियम जास्त आलं तर क्रम असा. ईसीजी काढा. पोटॅशियम जाणारी प्रत्येक ड्रिप थांबवा, आरएलसुद्धा डॉक्टरला विचारून. ऑर्डरप्रमाणे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, काही मिनिटं घेऊन हळू, मॉनिटरकडे बघत. हे हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम उतरवत नाही. उतरवतं ते इन्सुलिन आणि ग्लुकोज, सोबत सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. तेही पोटॅशियमला फक्त पेशींत ढकलतं. अंगाबाहेर काढायचं तर लघवी, पोटॅशियम धरून ठेवणारी पावडर किंवा डायलिसिस. इन्सुलिन दिल्यावर पुढचे काही तास दर तासाला जीआरबीएस (बोटाला टोचून साखर) करा. पोटॅशियम उतरलं आणि साखरही ४० पर्यंत घसरली, असं मी पाहिलंय. कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब एकाच लाइनमधून पाठोपाठ देऊ नका, आत खडू तयार होतो. मध्ये एनएसने फ्लश करा.

पण आधी स्वतःला विचारा, रक्त कसं काढलं होतं? शीर मिळत नव्हती, टूर्निकेट तीन मिनिटं बांधून ठेवलं, पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावली, बारीक सुईने जोरात ओढलं आणि झाकणातून दाबून भरलं. पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर आणि रिपोर्ट ६.२. दुसरी चूक: जांभळ्या झाकणाची नळी आधी भरली, मग जास्त झालं म्हणून त्यातलं थोडं दुसऱ्या नळीत ओतलं. जांभळ्या नळीतल्या औषधातच पोटॅशियम असतं. पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम खाली येतं. ड्रिप चालू असलेल्या हातातून काढलेलं रक्त तर कसलाच रिपोर्ट देत नाही, ते बाटलीचं पाणी असतं. पेशंट आणि ईसीजी ठीक दिसत असतील तर पुन्हा पाठवा. ईसीजी बिघडलेला असेल तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघू नका.

कमी पोटॅशियम शांतपणे येतं. लॅसिक्सवर (लघवी वाढवणारं औषध) असलेला, गॅस्ट्रोचा, सतत नेब्युलायझेशन चाललेला पेशंट. पोट फुगतं, शौचाला होत नाही, पिंढऱ्या दुखतात. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) साथ असते तेव्हा लक्षात ठेवा: त्यात किडनी बिघडूनही लघवी होत राहते आणि पोटॅशियम खाली जातं. किडनीचा पेशंट म्हणजे पोटॅशियम वरच असणार, असं गृहीत धरू नका. पोटॅशियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम तपासलंय का ते विचारा.

आता केसीएलचा (पोटॅशियम क्लोराइडचा) अँप्युल. आपल्याकडचा १० मिलीचा, त्यात साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. हा सिरिंजमध्ये भरून शिरेत थेट कधीही, कुणीही सांगितलं तरी द्यायचा नाही. हृदय बंद पडतं. लघवी होतेय ना ते आधी बघा. बाटली स्टँडवरून खाली काढा, अँप्युल घाला, दहा वेळा उलटसुलट करा, मग लटकवा. लटकत्या बाटलीत घातलं तर जड द्रव तळाशी बसतो आणि पहिल्याच काही मिनिटांत सगळा आत जातो. हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको, त्याहून जास्त हवं असेल तर मॉनिटर आणि सेंट्रल लाइन. दुसऱ्या सिस्टरला लेबल वाचायला लावा. पेशंट "हात जळतोय" म्हणाला तर वेग कमी करून शीर बघा, "थोडं सोसा काका" म्हणू नका.

सोडियम घाई सहन करत नाही

सत्तरी ओलांडलेल्या आजी, बीपीची पाणी काढणारी गोळी, आठवडाभर जेवण कमी आणि "पाणी भरपूर प्या" हा शेजारणीचा सल्ला. नातेवाईक म्हणतात, "कालपासून बरळतेय, वय झालं आता." वय कालपासून होत नाही. अशांचं सोडियम ११६ निघतं. बेडचे कठडे वर, सक्शन चालू आहे का ते तपासा, फिट येऊ शकते. तीन टक्के सलाईन ऑर्डर केलं तर ते पंपावरच, थेंब मोजून नाही. चोवीस तासांत सोडियम साधारण आठ अंकांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. भरभर चढलं तर मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होते आणि माणूस काही दिवसांनी बोलेनासा, गिळेनासा होतो. एक खूण सांगते: उपचार सुरू झाल्यावर अचानक तासाला २००-३०० मिली पांढरीस्वच्छ लघवी व्हायला लागली, तर सोडियम धावायला लागलंय. लगेच कळवा.

जास्त सोडियम बहुतेक वेळा तहान सांगू न शकणाऱ्यांचं असतं: लकव्याचे, आरटीवर असलेले. आरटी फीडनंतरचं पाणी विसरू नका, एवढंच.

कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडक्यात. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या येतायत किंवा बीपीचा पट्टा फुगवल्यावर बोटं आखडतायत, तर कॅल्शियम कमी. लेबर वॉर्डात मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) चालू असेल तर पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर ठोकल्यावर येणारा झटका, श्वास मिनिटाला १६ च्या वर आणि लघवी तासाला ३० मिली तरी, तिन्ही बघा. कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी हवं.

एबीजी वाचायचा क्रम

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी. आधी नमुना. सिरिंजमध्ये हेपरिन नुसतं भिजण्यापुरतं, बुडबुडा असेल तर लगेच काढा, झाकण लावा, लॅब लांब असेल तर बर्फात. मनगट पाच मिनिटं दाबा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर जास्त. फॉर्मवर पेशंट किती ऑक्सिजनवर आहे ते लिहा. ते नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

मग तीनच प्रश्न. पीएच कुठे गेलाय? कार्बन डायऑक्साइड, ३५ ते ४५, तो पीएचच्या उलट गेलाय का? असेल तर मामला फुप्फुसाचा. बायकार्बोनेट, २२ ते २६, तो पीएचच्याच दिशेने गेलाय का? मग मामला चयापचयाचा. उरलेला आकडा म्हणजे शरीराची भरपाई.

एक खराखुरा वाटेल असा नमुना. ऐरोलीचा कॉलेजातला मधुमेही मुलगा, दोन दिवस उलट्या, इन्सुलिन बंद केलेलं, खोल खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. पीएच ७.१८, कार्बन डायऑक्साइड २२, बायकार्ब ८. पीएच खाली, बायकार्बही खाली: चयापचयाचा आम्लपणा. कार्बन डायऑक्साइड कमी, कारण तो भराभर श्वास सोडून आम्ल बाहेर टाकतोय. म्हणून त्याला "शांत झोप" म्हणू नका आणि झोपेचं औषध मागू नका. तो श्वासच त्याला धरून आहे. सोडियम १३२ मधून क्लोराइड ९८ आणि बायकार्ब ८ वजा करा: २६. ही तफावत बारापर्यंत ठीक, २६ म्हणजे नको असलेलं आम्ल साठलंय. पोटॅशियम ५.४ दिसेल, त्यावर जाऊ नका. अंगात ते कमीच आहे, आम्लामुळे पेशींतून बाहेर आलंय इतकंच. इन्सुलिन सुरू झालं की ते धाडकन उतरतं, म्हणून साखरेइतकंच पोटॅशियमचं वेळापत्रक पाळा.

दुसरा, तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले विडी ओढणारे काका. पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ५८, बायकार्ब ३२. घाबरू नका, त्यांची किडनी कित्येक वर्षं भरपाई करतेय. त्यांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचं असतं. ९९ करायला गेलात तर ते गुंगीत जातात.

आरटीतून लिटरभर पाणी ओढलेला पेशंट क्षारपणाकडे झुकतो आणि सोबत पोटॅशियमही गमावतो. जुलाबाचा पेशंट आम्लाकडे. हे दोन लक्षात राहिले तर चार्टवरूनच अर्धा एबीजी ओळखता येतो.

रात्री तीनला फोन

"सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये" असं सांगितलंत तर झोपेतले डॉक्टर "बघतो" म्हणतील. असं सांगा:

"सर, मेल मेडिकल, बेड १२. गॅस्ट्रोचे पेशंट, वजन ६०. सहा तासांत लघवी १०५ मिली, जुलाब आठ वेळा, साधारण दीड लिटर. आत ७०० गेलंय. बीपी ८८-६०, नाडी १२४, हात गार. संध्याकाळचं पोटॅशियम २.९. ड्रिप तासाला ६० ने चालू आहे. तुम्ही येईपर्यंत वेग वाढवू का, आणि ईसीजी काढून ठेवू का?"

फोनवर मिळालेली ऑर्डर परत वाचून दाखवा, वेळ लिहा, सकाळी सही घ्या. आणि ओव्हर देताना चार्टच्या शेवटी आत किती, बाहेर किती, फरक किती हे तीन आकडे स्वतः लिहा. खुर्चीवर बसून नाही, बेडजवळ उभं राहून, पुढच्या सिस्टरला युरोबॅग दाखवत.